तिसरी भिजली

तहसीलचा मेसेज दुपारी तीनला आला :
नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.
मी कोतवाल. वाचला, ग्रुपवर पुढं पाठवला.
चार जणांनी हात जोडले,
एकानं गुलाबाचं फूल टाकलं.
सतर्क म्हणजे नेमकी किती पावलं मागं,
ते त्यात नव्हतं.

ते सोजरबाई भोईणीच्या गोष्टीत होतं.

साती आसरा धुणं घेऊन तेरणेला निघाल्या.
धाकटी अवखळ, थेट पाण्यात पाय सोडून बसली.
थोरली वर टेकाडावर, कवठाखाली थांबली.
मधल्या पाच उतारावर, जिथं जिचं मन धजलं तिथं.
शेंदूर फासलेले सात दगड.
धाकटी भिजली : कणगीतलं धान बांध.
दुसरी भिजली : दावी सोड.
तिसरी भिजली : लेकरू काखेत, म्हातारं पाठीवर.
चौथीच्या पायाला पाणी लागलं की मागं बघायचं नाही,
भाकर तव्यावर असली तरी.
"आन् थोरली?" आम्ही विचारायचो.
"थोरली भिजल्याली कुणी बघितली न्हाई.
ज्यानं बघितली आसंल, त्यो सांगाया आला न्हाई."

सहा वर्षांमागं पुलाच्या ठेकेदारानं नवस फेडला.
सातही जणी उचलून आणल्या पाराच्या मागं,
वर पत्रा, खाली पांढरी फरशी, सगळ्या एका ओळीत,
शाळेच्या फोटोला बसवतात तशा.
गावजेवण झालं. मी दोनदा बुंदी घेतली.
सोजरबाई पानावर बसलीच नाही.
"बहिणी सुखाला लागल्या, बाबा.
आता नदीला मोजायचं कुणी?"
आम्ही हसलो. फरशी खरंच छान होती.

त्या रात्री दहाला घरातली लाईट गेली, मग रेंज.
बॅटरी घेऊन उतारावर उभा राहिलो
तर नुसतं काळं पाणी. खूण कुठंच नाही.
पाणी किती आलंय
हे पाण्याकडं बघून कळत नाही.

मागून नसीर मिस्त्रीची जुलेखा म्हणाली,
"मामा, तिसरी गेली की."
"कुठली तिसरी?"
"हापसा. हापसा म्हंजी तिसरी."

रोज संध्याकाळी पोरं 'सात्या' खेळतात, लंगडी घालत :
धोब्याचा दगड, बाभळीचं खोड, हापसा,
डीपी, कुंभाराची भट्टी, रेशनचं दुकान, कवठ.
ठेकेदारानं दगड हलवले होते.
खेळ हलवायचं त्याला सुचलं नव्हतं.

मी हलगी काढली. भिजलेली, धड वाजेना.
दारोदार ओरडत सुटलो, "तिसरी भिजली! तिसरी भिजली!"
कुणी विचारलं नाही कोण, कशानं.
शेडवर पावती फाडणारे सरपंचसुद्धा
सुनेचं बाळ घेऊन अनवाणी टेकाड चढले.

एकशे बारा घरं. सगळी वर.
एक सोडून.
गवळ्याच्या उद्धवनं वेळेत दावी सोडली होती,
म्हशीच्या मागं तो डीपीपाशी आला.
घरातली लाईट गेली होती;
तुटून पाण्यात पडलेली तार जागी होती.
बावीस वर्षांचा. त्यानं काही चुकवलं नव्हतं.
गोष्टीत वीज नव्हती.

पंचनाम्यात रकाना होता : पूर्वसूचना मिळाली काय?
होय, लिहिलं.
कोणाकडून? — तिथं माझं पेन बराच वेळ अडलं.
शेवटी तहसील लिहिलं. सही केली.

तेराव्यानंतर सोजरबाई ओट्यावर बसली.
पोरं जमली. आसरा निघाल्या, धाकटी बसली,
दावी सुटली, लेकरं काखेत आली.
मग ती थांबली. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात.
"तिसरी आन् चौथीच्या मधी," ती म्हणाली,
"आधी तार बघायची. वर बी, पाण्यात बी.
मग पाऊल."
उद्धवचं नाव घेतलं नाही.

आता हापशावरून डीपीकडं जाताना
एकेक पोरगं लंगडीवर तोल सावरत थांबतं,
मान वर करतं, मग खाली,
मग उडी.

जुलेखा दोनदा बघते.